एकही परत आला नाही

२६ एप्रिल १९७८, बुधवार

रेडिओवर काल सांगितलं. कालच लिहिणार होतो, पण वही उघडवेना. रागानं, असं बहिणीला, एफीला सांगितलं.

स्ट्रासबुर्गच्या कोर्टाचा निकाल लागला. आमच्या बेटावर पोरांना फोकांची शिक्षा देतात, ती माणसाला हीन करणारी आहे म्हणे. सात न्यायाधीश, सहा त्या बाजूला, एक आमच्या. यांतल्या कितीजणांना आइल ऑफ मॅन नकाशावर तरी दाखवता येईल? उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय. आमच्या टिनवाल्डला, म्हणजे बेटाच्या कायदेमंडळाला, हजार वर्षं झाली. तिथला निवडून दिलेला माणूस चुकला तर पाच वर्षांनी आम्ही त्याला घरी बसवतो. या सातांना कोण घरी बसवणार? हक्कांची यादी काय, एका पानावर मावते. तिचा अर्थ कोण लावणार आणि त्याला कुणी नेमलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी बत्तीस वर्षं पोर्ट लार्गीच्या ठाण्यात काढली. चौदा पोरांना या हातानं फोक दिले. डॉक्टर हजर, घरचं माणूस हजर, बर्चच्या फोकांची जुडी आदल्या दिवशी भिजवलेली, सगळं नियमानं. चौदांतला एकही पुन्हा गुन्हा करून परत आला नाही.

३ मे, बुधवार

डोरा टेअर आली होती. नवऱ्यामागं खाटकाचं दुकान तीच चालवते आणि आता गावची अर्ज-समितीही तीच. पाच जुलैला टिनवाल्डची उघड्यावरची सभा भरते, तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी गाऱ्हाणं द्यायचं, आमचे फोक आम्हाला ठेवा म्हणून. बेटभर सह्या गोळा करणार.

"आणि पुढं चालणार तुम्ही, सार्जंट," ती म्हणाली.

"मी कशाला? तू बोलतेस चांगली."

"मी काय, मांस कापते. तुम्ही स्वतः फोक दिलेत. लोकांना तुमचं तोंड बघायचंय."

माझी छाती जरा फुगली, खोटं कशाला बोलू. एफी चहा ओतत होती, तो बशीत सांडला. माझी ही बहीण दोन वर्षांनी मोठी. नवरा हेरिंग मासळीच्या होडीवर बुडाला तेव्हापासून पोराला घेऊन माझ्याकडेच आहे. म्हणजे पोर कधीच व्हँकूवरला गेलं, ती आहे. डोरानं तिच्यापुढं सह्यांचा कागद सरकवला तर म्हणाली, "चष्मा सापडत नाही गं." चष्मा नाकावर होता.

९ मे, मंगळवार

संध्याकाळी साडेपाचला आमच्या दारासमोर, धक्क्याच्या कठड्याला टेकून एक माणूस उभा होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा. समुद्राकडे पाठ आणि आमच्या घराकडे तोंड. अर्धा तास होता. मग गेला.

त्याचं डोकं जरा डावीकडे कललेलं असतं, त्यावरून ओळखलं. डॅनी स्किलिकॉर्न. ऑगस्ट छप्पन. बारा वर्षांचा होता, सहा फोक. माझ्या यादीत नववा. लिव्हरपूलला गोदीत जोडकाम करतो असं ऐकलं होतं. त्याची आई फेब्रुवारीत गेली, तेव्हा घर आवरायला आला असेल. पण घर आवरायला आलेला माणूस माझ्या दाराकडे बघत का उभा राहील?

मी पडदा ओढला. एफी म्हणाली, "उजेड आहे की अजून."

१० मे, बुधवार

आजही. साडेपाच ते सहा. दाराला आतून अडसर घातला.

१७ मे, बुधवार

आठ दिवसांत पाच वेळा. मी आता साडेपाचच्या आत घरात असतो. चुलीजवळची लोखंडी सळई दारापाशी ठेवली आहे. एफीनं दोनदा जागेवर नेऊन ठेवली, मी दोनदा परत आणली.

"कर नाही त्याला डर कशाला, स्टॅन?" ती म्हणाली.

"मला डर नाही. सावधगिरी आहे."

"सत्तरीला आलास. ती सळई उचलताना कंबर धरेल तुझी."

मग विषय निकालावर गेला. मी म्हटलं, या बेटावर कायदा करणारे आम्ही निवडतो, उद्या सगळ्या बेटाला फोक नको झाले तर आमचेच लोक ते काढतील. परक्यांनी वरून सांगायचं कारण काय? लोकांनी केलेलं लोकांनीच मोडावं. यात काय चुकलं ते सांग.

"काही नाही चुकलं," ती म्हणाली. "फक्त बारा वर्षांच्या पोराला मत असतं का?"

"त्याच्या बापाला असतं."

"आणि बाप दारू पिऊन गटारात पडलेला असला तर?"

स्किलिकॉर्नचा बाप तसाच होता. तिनं नेमकं तेच उदाहरण का घ्यावं कळेना. मी पेपर उघडून बसलो.

आणि यावर कडी म्हणजे साडेपाचला ती डॅनीसाठी कप भरून चहा घेऊन गेली. रस्ता ओलांडून, अंगात स्वयंपाकाचा एप्रन तसाच. मी खिडकीतून पाहिलं. दोघं बोलत होते. ती त्याच्या बाहीला हात लावून काही सांगत होती. परत आल्यावर विचारलं तर म्हणे, "वारा किती आहे. थंडी वाजत असेल त्याला." हिचा स्वभाव असा भोळा. त्याच्या आईकडे वीस-बावीस वर्षं दर शनिवारी बोनॅगचा पाव भाजून नेत होती, शेवटच्या आजारात उशाशीही बसली. जगाची दया येते हिला, पण माझ्या जिवाला काय होतंय ते दिसत नाही.

२४ मे, बुधवार

दुपारी मागच्या खोपटात खुडबुड ऐकू आली. मला वाटलं, आला. सळई घेऊन गेलो. सळईनं दार लोटलं आणि ओरडलो, "बाहेर ये." आतून एक लांबशेपट्या बाहेर आला, माझ्या बुटावरून गेला. (त्या कुरतडणाऱ्या जनावराचं खरं नाव आमच्या घरात कुणी उच्चारत नाही, मी लिहिणारही नाही. एवढ्यात अपशकुन पुरे झाले.) मी तिथंच पालथ्या बादलीवर बसलो.

मी, सार्जंट किनविग. एके काळी शनिवारी रात्री दारुड्या खलाशांच्या मारामारीत एकटा घुसत होतो.

२ जून, शुक्रवार

आता कळलं तो कशासाठी आला आहे.

लंडनहून एक वकील आला आहे, बारीक काड्यांचा चष्मा, हातात कातडी बॅग. फोक खाल्लेल्यांना गाठून त्यांचे जबाब घेतोय. आणखी खटले उभे करायचे आहेत म्हणे. आज चहाच्या दुकानात काचेतून पाहिलं, तो आणि डॅनी समोरासमोर. वकील बोलत होता. डॅनी टेबलावरच्या साखरेच्या भांड्याकडे बघत होता.

म्हणजे मला स्ट्रासबुर्गला खेचणार. नाव पेपरात. सात जण विचारणार, सार्जंट, त्या दिवसाबद्दल सांगा. दुपारचा मासा तसाच टाकला.

५ जून, सोमवार

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तीन रात्री झोप नाही. इथं तरी लिहावं. ही वही एफी उघडत नाही.

ऑगस्ट छप्पन, बुधवार. सहलीला आलेल्या पाहुण्यांची मोटार दरीच्या रस्त्यावरून येत होती, वरच्या झाडीतून दगड आला. बोल्टनहून आलेल्या एका बाईचं कपाळ फुटलं, डोळा थोडक्यात वाचला. बाई शनिवारच्या बोटीनं परत जाणार होती. हॉटेलवाले हवालदिल. पाहुणे आले नाहीत तर हिवाळ्यात खायचं काय? सगळे माझ्याकडे आले. आणि मला माहीत होतं कोण ते. सगळ्यांनाच माहीत होतं. स्किलिकॉर्नचं पोर, दुसरं कोण असणार? तपास करायला लागतो तो मोठ्या शहरात. इथं आम्ही एकमेकांना ओळखतो.

त्याला त्याच संध्याकाळी उचलला. गुरुवारी मॅजिस्ट्रेट, शुक्रवारी फोक. शनिवारी बाई समाधानानं बोटीत बसली. पोर रडलं नाही. आई दाराबाहेर उभी होती, ती रडत होती. झाल्यावर त्यानं विजार वर घेतली आणि मला म्हणाला, "आता खरं कोण ते शोधा, सार्जंट."

मी म्हटलं, निर्ढावलेलं आहे कार्टं.

सोमवारी मासळीच्या धुरीखान्याचा मुकादम आला. चार-पाच दिवस डग्लस शहरात होता, नुकताच परतलेला. म्हणाला, "मी गेलो त्या बुधवारी डॅनी साडेसहापर्यंत माझ्याकडे हेरिंग चिरत होता. वीस माणसांनी पाहिलंय, पण त्यांना विचारलं कुणी?" दगड साडेपाचला आला होता.

मला आठवलं, उचलला तेव्हा पोराच्या हाताला मासळीचा वास येत होता. कोपरापर्यंत खवले होते.

मी मुकादमाला म्हटलं, झालं ते झालं, फोक काही परत घेता येत नाहीत. तो मान हलवून गेला. आता तोही मेला. नोंदवहीत काही लिहिलं नाही. कुणाला सांगितलं नाही. आता लिहिलं तर वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटत.

१४ जून, बुधवार

डोरा कागद घेऊन आली. सह्यांच्या गठ्ठ्यावर सगळ्यांत वर माझं निवेदन असणार. तिनंच टाइप करून आणलं होतं: मी एवढी वर्षं ही शिक्षा अमलात आणली, चौदा मुलांपैकी एकही परत आला नाही, आणि माझ्या माहितीत निर्दोष मुलाला कधीही फोक लागलेला नाही.

"शेवटचं वाक्य कशाला?" मी म्हटलं.

"तेच तर महत्त्वाचं. ते परके म्हणतात ना, चूक झाली तर काय? आपण सांगायचं, आपल्याकडे चूक होत नाही, आपण आपल्या पोरांना ओळखतो. का? झालीय का कधी?"

ती पेन धरून उभी. एफी दारात उभी. खिडकीबाहेर साडेपाच वाजलेले. मी जर "थांब" म्हटलं असतं तर ती "का" म्हणाली असती, आणि तासाभरात गावभर झालं असतं. मी सही केली. घाबरूनच केली, आणि वळणदार केली.

डोरा गेल्यावर एफी म्हणाली, "एकही परत आला नाही, होय? एक तर रोज येऊन उभा राहतोय."

"तो वेगळ्या अर्थानं," मी म्हटलं.

२५ जून, रविवार

चर्चनंतर डोरानं पुन्हा एफीला गाठलं. एफीनं सर्वांदेखत सांगितलं, "मी सही करणार नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या गावाच्या सह्या आणि सार्जंटच्या घरातली नाही.

घरी येऊन म्हटलं, "आल्फी इथं असता तर त्यानं तुला समजावलं असतं."

आल्फी म्हणजे तिचा मुलगा. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "आल्फी इथं का नाही, याचा तू कधी विचार केलास का रे?"

आता यात विचार काय करायचा. सोळाव्या वर्षी बोटीवर गेला, तिथून कॅनडा, तिकडचाच झाला. एकोणीस वर्षं मामाची आठवण नाही, नाताळला एक कार्ड. लहानपणी माझ्या टोपीशी खेळायचा. तेराव्या वर्षी काय बिनसलं कोण जाणे, माझ्यासोबत टेबलावर जेवायचाच बंद झाला. ताट घेऊन जिन्यात बसायचा. त्या वयात पोरं अशीच विचित्र वागतात.

"पोरं जातात," मी म्हटलं. एफी उठून बाहेर गेली. कुठं गेली ते विचारलं नाही, पण धुरीखान्याच्या गल्लीकडे वळली. स्किलिकॉर्नचं घर त्याच गल्लीत आहे.

४ जुलै, मंगळवार

उद्या टेकडी. कोट घासून ठेवला, पदक लावलं.

वकील शनिवारच्या बोटीनं गेला. डॅनी गेला नाही. दुकानात ऐकलं की उद्या तोही गाऱ्हाणं देणार आहे. टेकडीवर कुणीही देऊ शकतो, ती आमची रीतच. राणीचा प्रतिनिधी वर बसलेला, सगळे निवडून दिलेले सभासद बसलेले, हजारो माणसं, आणि तो मोठ्यानं माझं नाव घेणार. माझ्या खोट्या सहीसकट. त्यापेक्षा स्ट्रासबुर्ग परवडलं. तिथं मला ओळखणारं कुणी नसतं.

आजारी आहे म्हणावं का? एफीला विचारलं. ती तिचा निळा झगा इस्त्री करत होती.

"पडून राहा हवं तर," ती म्हणाली. "मी जाणारच आहे."

५ जुलै, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

आकाश स्वच्छ होतं. वाटेवर लव्हाळी अंथरलेली, प्रत्येकाच्या कोटाला हिरवी डहाळी. नवे कायदे वाचून झाले, आधी इंग्रजीत, मग आमच्या जुन्या भाषेत. मग गाऱ्हाणी देणाऱ्यांना बोलावलं. आम्ही नऊ जण रांगेत होतो. माझ्या दोन्ही हातांवर गठ्ठा, वर माझं निवेदन, मागं डोरा आणि समिती. माझ्या पुढचा माणूस बाजूला झाला आणि तिथं डॅनी होता. त्यानं मला पुढं जागा दिली.

"तुमचं होऊ द्या आधी, सार्जंट."

मी हळूच म्हटलं, "डॅनी, इथं नको. वकिलाला सांगितलंस ना सगळं? तिकडे जे व्हायचं ते होऊ दे."

"त्याला काही सांगितलं नाही मी."

"का?"

"तो मला सारखं 'एक महत्त्वाचं प्रकरण' म्हणत होता." त्यानं डोकं डावीकडे कलवलं. "तिथले सात जण म्हणतील, फोक मारणं वाईट. असेल. पण मी दगड मारला नव्हता, हे त्यांना काय ठाऊक? ते ठाऊक असलेला माणूस इथं आहे. महिनाभर तुमच्या दारापुढं उभा राहिलो. वाटलं, दार उघडाल."

"तू मला मारायला आलास असं वाटलं मला."

तो हसला नाही. "आई जाताना म्हणाली, माझं पोर चांगलं होतं हे एकदा कागदावर येऊ दे. बाकी मला काही नको."

त्यानं हातातला कागद दाखवला. एकच पान, हातानं लिहिलेलं. पोर्ट लार्गी ठाण्याच्या नोंदवहीत ऑगस्ट छप्पनची माझ्या, डॅनी स्किलिकॉर्नच्या, नावाची नोंद चुकीची आहे, ती दुरुस्त करावी. खाली त्याची सही. त्याखाली साक्षीदार म्हणून एक सही होती, आणि ते अक्षर मी रोज किराणा यादीवर बघतो.

युफेमिया कॉर्लेट. दगड मारणाऱ्या मुलाची आई.

मी दोनदा वाचलं. गर्दीत पाहिलं तर एफी दोरीपाशी उभी होती, निळ्या झग्यात, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. जिन्यात ताट घेऊन बसलेला आल्फी. दर शनिवारची बोनॅग. बावीस वर्षं ती माझ्या समोर बसून जेवली आणि मला भीत होती. आपल्याही पोराला मी फोक देईन म्हणून, आणि नंतर, मी देणार नाही, भाच्याला पाठीशी घालेन म्हणून. यातलं कुठलं खरं ते मला माहीत नाही. आता विचारलं तरी तिला सांगता येईल की नाही कोण जाणे.

"सार्जंट," मागून डोरा म्हणाली, "बोलावतायत."

मी वरचा कागद, माझ्या वळणदार सहीचा, गठ्ठ्यावरून काढला आणि खिशात कोंबला. गठ्ठा डोराच्या हातात दिला. त्या सह्या लोकांच्या आहेत, त्या वर पोचल्याच पाहिजेत. न्यायाधीशांबद्दल माझं मत होतं तेच आहे, आणि ते मी उद्याही कुणालाही सांगेन. पण तो गठ्ठा न्यायचा हक्क मला नव्हता.

"हे काय चाललंय?" डोरा म्हणाली. "सार्जंट, तुम्हाला बरं नाही का?"

"नाही," मी म्हटलं. "पेन दे."

डॅनीच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. त्याची पाठ लोखंडासारखी ताठ होती, हात ठेवल्यावर हलली. बावीस वर्षांनी मी त्याला हात लावला होता. सही वेडीवाकडी आली.

मग आम्ही दोघं लव्हाळ्यावरून चालत गेलो. भीती गेली असं लिहिणार नाही. कधी इतका घाबरलो नव्हतो, विजार ओली होते की काय असं वाटत होतं. कारकुनानं कागद घेतला आणि नेहमीच्या स्वरात विचारलं, "गाऱ्हाणं कुणाचं?"

"याचं," मी म्हटलं.

"आणि कुणाविरुद्ध?"

"माझ्या."